काचेला बरगड्या नसतात

मोगऱ्याची कळी ऊन चढायच्या आत खुडावी लागते. म्हणून मुदखेड तालुक्यातल्या फुलांच्या रानांत दिवस अंधारातच उजाडतो. हातात बॅटरी, कमरेला ओटी, पायाखाली ओली सरी. गुलाब, गलांडा, काकडा, मोगरा वेळेत नांदेडच्या आणि हैदराबादकडच्या बाजारात पोचायचा तर बायकांनी पहाटेच सरीत उतरायचं. उंदरांच्या मागावर निघालेल्या घोणशीचीही वेळ तीच. प्रथमोपचार या शब्दाला या तालुक्यात काही अर्थ असेल, तर तो या सरीत आहे.

नेमकं याच बायकांचं नाव पुढे करून सध्या एक युक्तिवाद केला जातो. खेड्यात शिकवायला कोणी जात नाही, मोबाइल मात्र घराघरात पोचला. तेव्हा प्रथमोपचार ऑनलाइन शिकवा. तासाभराचे व्हिडिओ, शेवटी दहा प्रश्न, उत्तरं बरोबर आली की तिथल्या तिथे प्रमाणपत्र. नांदेडला खेटे नकोत, प्रशिक्षकाची वाट बघणं नको. हे सगळं इतकं सोयीचं वाटतं की त्याला विरोध करणारा माणूस एक तर जुनाट ठरावा, नाही तर शिकवणी बुडेल म्हणून ओरडणारा. तो आरोप पत्करूनही विरोध करायला हवा, कारण हा युक्तिवाद मुदखेडसारख्या गावांच्या अडचणीवर उभा आहे आणि त्याच गावांना कमी प्रतीचा माल खपवतो आहे.

गरज खोटी आहे असं कोणीच म्हणत नाही. हृदय अचानक थांबलं की छातीवर दाब न देता गेलेल्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घसरते. चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते. मुदखेडहून नांदेड सुमारे पंचवीस किलोमीटर, आणि विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शहराच्याही पलीकडे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली आणि तिनं असंख्य जीव वाचवले. पण चार मिनिटांचं हे गणित चाकांवर धावणाऱ्या कुठल्याच गाडीच्या बाजूनं सुटत नाही. ते सुटलं तर शेजाऱ्याच्या हातांनी सुटेल. इथपर्यंत दोन्ही पक्षांचं एकमत आहे. भांडण आहे ते हे हात तयार कसे होतात यावर.

प्रौढ माणसाच्या छातीवर दाब द्यायचा तो पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हा आकडा ऑनलाइन परीक्षेत हमखास येतो आणि तो पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. दाबणं मात्र वेगळं काम आहे. कोपरं ताठ ठेवून, खांदे तळव्यांच्या बरोबर वर आणून, अंगाचा भार टाकायचा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पहिल्यांदा करणारा माणूस बहुधा भिऊन अर्ध्यावरच थांबतो. त्याची कोपरं वाकतात, मनगटं दुखतात, मिनिटाभरात धाप लागते. दोन मिनिटांनी माणूस बदलावा असं तज्ज्ञ सांगतात, ते उगाच नाही. मध्येच बरगडी कडकन मोडल्याचा आवाज आला तर न शिकलेला हात जागच्या जागी गोठतो. शिकलेला पुढे चालू राहतो, कारण असं होऊ शकतं हे त्याला कोणीतरी शेजारी बसून सांगितलेलं असतं.

आणि बाज. खेड्यात माणूस कोसळला की त्याला आधी उचलून बाजेवर निजवतात, ते मायेपोटी. बाजेवर दाब दिला की सुंभ खाली जातं, छाती जागेवरच राहते. आधी त्याला खाली जमिनीवर घ्या, हे सांगणारा व्हिडिओ परदेशी दिवाणखान्यात चित्रित होत नाही, कारण त्या दिवाणखान्यात बाजच नसते.

छातीवर दाब देण्याच्या आजच्या पद्धतीची शास्त्रीय मांडणी कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी अमेरिकेत १९६० मध्ये केली. त्याच वर्षी नॉर्वेमधल्या आस्मुंड लार्डाल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदारानं सरावासाठी ‘ॲन’ ही बाहुली बाजारात आणली. तंत्र आणि बाहुली एकाच वर्षी जन्मली. हे तंत्र सांगून कळणार नाही, शिकणाऱ्याला काहीतरी दाबायला द्यावं लागेल, हे त्या काळच्या डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. साठ वर्षांनी बाहुली वगळून फक्त सांगणं तेवढं ठेवायचं आणि त्याला प्रगती म्हणायचं!

मुदखेडच्या लोकांना तर हे समजावण्याचीही गरज नसावी. गावालगत केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे. तिथल्या जवानाला रायफल उघडून जोडायला मोबाइलवर शिकवतात का, हे गावातलं कुठलंही पोरगं सांगेल.

ऑनलाइनच्या बाजूचे लोक इथे हमखास अभ्यासांचे दाखले देतात: पाश्चात्त्य देशांत व्हिडिओवर शिकलेले लोक वर्गात शिकलेल्यांइतकेच तरबेज निघाले म्हणे. दाखले खरे आहेत, फक्त निम्मेच वाचलेले. त्यातल्या गाजलेल्या प्रयोगांत शिकणाऱ्याच्या घरी व्हिडिओबरोबर हवा भरायची छोटी बाहुलीही गेली होती. तो बघता बघता दाबत होता. डेन्मार्कचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं. तिथे २००५ मध्ये शाळांत प्राण वाचवण्याचं प्रशिक्षण सक्तीचं झालं, पाठोपाठ वाहन परवान्यासाठीही. २००१ मध्ये रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या माणसांपैकी सुमारे २१ टक्क्यांना बघ्यांनी दाब दिला होता, २०१० मध्ये सुमारे ४५ टक्क्यांना. तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ अकरावर गेलं. या काळात त्या देशानं सुमारे दीड लाख स्वयंशिक्षण संच वाटले, आणि बाहुली त्या संचातच होती. डेन्मार्कचा दाखला द्यायचा आणि बाहुली लपवायची, ही वकिली झाली.

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचं खातं, ओशा, याबाबत स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणी प्रथमोपचारक नेमायचा असेल तर निव्वळ ऑनलाइन प्रशिक्षण पुरेसं धरता येत नाही, प्रत्यक्ष सराव लागतोच. ज्या देशात हे अभ्यासक्रम सर्रास विकले जातात, त्या देशाचं सरकारी खातं हे म्हणतं. मग मुदखेडच्या तरुणाला तेच प्रमाणपत्र कोणत्या हिशेबानं पुरेसं?

आपल्याकडे प्रयोग झाले नाहीत असं नाही. ६ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय आयुर्विज्ञान परीक्षा मंडळानं देशभर एकाच वेळी सीपीआर (छातीवर दाब देऊन प्राण वाचवण्याचं तंत्र) जनजागृतीचा कार्यक्रम घेतला. २० लाखांहून अधिक लोक त्यात सहभागी झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. कार्यक्रमाच्या नावात ‘जनजागृती’ हा शब्द होता, आणि तो प्रामाणिक होता. घोळ नंतर होतो. जागृतीचा आकडा भाषणात ‘प्रशिक्षित’ होतो, आणि वीस लाख माणसं शिकली म्हणून पुढच्या वर्षी बाहुल्यांसाठी पैसे मागायला कोणी उठत नाही.

आता सरीतल्या घोणशीकडे परत. प्रथमोपचार सगळीकडे सारखाच, हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा सर्वांत मोठा गैरसमज, आणि तो जीवावर बेतणारा आहे. इंग्रजी व्हिडिओंत सर्पदंशावर एक उपाय हटकून दिसतो: दंशापासून वरपर्यंत अख्ख्या हातापायाला रुंद पट्टी आवळून गुंडाळायची. ही पद्धत ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात बसवली गेली, आणि तिथल्या सापांसाठी ती योग्यच आहे. पण ऑस्ट्रेलियात घोणस आणि फुरशाचं कुळच नाही. ज्यांचं विष दंशाच्या जागेचं मांस कुजवतं अशा सापांच्या दंशावर तीच पट्टी आवळली तर विष एका जागी कोंडलं जाऊन इजा वाढण्याचा धोका असतो. भारतातल्या उपचार मार्गदर्शिकेचा भर साध्या चार गोष्टींवर आहे. माणसाला धीर द्या. तो हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवा. वेळ न दवडता दवाखान्यात न्या. वाटेत दिसलेली लक्षणं डॉक्टरांना सांगा. कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका.

मण्यारीचं तर आणखी वेगळं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. सूज नाही, आग नाही, दातांची खूणही धड दिसत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो, घरचे ओवा देतात, आणि पापण्या जड होऊन मिटायला लागल्यावर कोणाच्या तरी लक्षात येतं. ‘सूज आणि वेदना पाहा’ असं शिकवणाऱ्या व्हिडिओनं त्या घराला काय दिलं? चुकीचा धीर.

सर्पदंशाचं जगात मानलं जाणारं ज्ञान याच जिल्ह्यात तयार झालं, ही गोष्ट मुदखेडनं अभिमानानं सांगायला हवी. नाव वाचताना एक अक्षर गळलं की मुदखेडचं मुखेड होतं; त्या मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करण्यात हयात घालवली आणि ग्रामीण महाराष्ट्रातल्या आपल्या दहा वर्षांच्या अनुभवावरचा शोधनिबंध २००५ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी लागणारं शहाणपण नांदेड जिल्ह्यात आहे. ते सोडून दुसऱ्या खंडातल्या सापांचा धडा मोबाइलवर गिरवायचा?

पाण्याचंही तसंच. ‘फक्त छाती दाबा, तोंडानं श्वास देण्याची गरज नाही’ हा संदेश छोट्या व्हिडिओंनी घरोघर नेला. हृदयविकारानं रस्त्यात कोसळलेल्या प्रौढासाठी तो ठीक आहे. बुडालेल्याची कथा उलटी असते: त्याला आधी हवा कमी पडलेली असते, हृदय नंतर थांबतं. त्याला श्वास द्यावाच लागतो. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, रानोरान प्लास्टिकचं अस्तर टाकलेली तळी झाली. त्या निसरड्या उतारावरून घसरलेलं लेकरू वर यायला धडपडतं आणि येत नाही. गोदावरी तर आहेच. पाण्यातून काढलेल्या पोराला गावात अजूनही उलटं धरून फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात आणि मोलाची मिनिटं त्यातच जातात. या पोराला उलटं धरणारा आणि फक्त छाती दाबणारा, दोघेही मनापासून मदत करतात, दोघांनाही अर्धंच कोणीतरी शिकवलेलं असतं.

एक अडचण अशी, जी मोठ्यानं बोलली जात नाही. भर बाजारात बाई कोसळली तर तिच्या छातीवर हात कोण ठेवणार? अमेरिकेत २०१७ मध्ये मांडलेल्या एका अभ्यासात सार्वजनिक ठिकाणी हृदय थांबलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना बघ्यांनी दाब दिला होता, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. तिकडे ही गत, तर पदर सरकला तरी कुजबुज होणाऱ्या गावात काय असेल! हा संकोच व्हिडिओ बघून जात नाही. तो जातो दहा बायका आणि दहा पुरुष एका खोलीत गुडघ्यांवर बसून, एकमेकांसमोर चुकत, हसत, तीच कृती वीस वेळा करतात तेव्हा. गावच्या चार वडीलधाऱ्यांनी ते पाहिलेलं असलं की बाजारात वेळ आल्यावर हात पुढे करणाऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही.

मग मोबाइल फेकून द्यायचा? मुळीच नाही. या वादात ऑनलाइनच्या पदरात मोठं माप टाकावं लागेल अशी एक जागा आहे, आणि त्याचे समर्थक नेमकी तीच विसरतात. काय करू नये, हे पडदा उत्तम शिकवतो. फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल किंवा कांदा लावू नका, दातांत चमचा घालू नका. त्याला कुशीवर वळवा आणि वेळ मोजा. भाजल्यावर टूथपेस्ट नको, शाई नको. वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. साप चावलेल्याला कडुनिंबाचा पाला चावायला देऊन कडू लागतो का हे बघत बसू नका, मारुतीच्या पारावर नेऊन निजवू नका. मोटारीच्या पेटीशी कोणी चिकटला तर त्याला हात लावण्याआधी वीज तोडा. यातल्या एकाही गोष्टीला बाहुली लागत नाही. दोन मिनिटांचा, इथल्या बोलीतला, इथल्याच रानात काढलेला व्हिडिओ हे काम कुठल्याही व्याख्यानापेक्षा चांगलं करील. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. विषानं भिजलेले कपडे लगेच काढून अंग साबणानं धुवा, एवढी गोष्ट जरी प्रत्येक फवारणाऱ्याच्या फोनवर हंगामाआधी आली, तर तिला अभ्यासक्रम म्हणायचीही गरज नाही.

कायद्याचंही तेच. अपघातात मदत केली की पोलिसांचं झेंगट मागे लागतं, ही भीती मुदखेड ते भोकर रस्त्यावर आजही जिवंत आहे. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. मदतकर्त्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे कळायला वर्ग लागत नाही. धीर द्यायलाही व्हिडिओ उपयोगी पडतो: मिनिटाभराची चित्रफीत बघितलेली माणसं काहीच न बघितलेल्यांपेक्षा पुढे होऊन दाब द्यायला जास्त तयार होतात, असं २०११ मध्ये अमेरिकेतल्याच एका प्रयोगात दिसलं. त्या चित्रफितीनं कोणाला प्रमाणपत्र मात्र दिलं नव्हतं.

आक्षेप आहे तो त्या कागदावर. ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ हे वाक्य व्हिडिओला लागू पडतं, प्रमाणपत्राला नाही. व्हिडिओ बघितलेल्याला आपल्याला थोडंच येतं हे ठाऊक असतं. प्रमाणपत्र मिळालेल्याला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या मालकाला, मुख्याध्यापकाला, ग्रामपंचायतीला वाटतं की काम झालं. कागदानं कामाची जागा घेण्याची खोड आपल्याकडे इंटरनेटच्या आधीपासूनची. एसटीच्या वाहकाला बिल्ला मिळवायला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. रेल्वेच्या गार्डाच्या, म्हणजे आताच्या ट्रेन मॅनेजरच्या, सामानात प्रथमोपचार पेटी असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमानं दर दीडशे कामगारांमागे एक पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्रधारक माणूस सांगितला. नियम बनवणाऱ्यांचा हेतू शहाणा होता. पण नांदेडच्या बसमध्ये कोणाला फिट आली तर पेटी उघडते की चप्पल पुढे येते, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं. जो कागद प्रत्यक्ष वर्गातूनही असा पोकळ होऊ शकतो, तो दहा प्रश्नांवर घरबसल्या मिळू लागला तर त्यात उरेल काय?

शेवटचा आक्षेप राहतो: गावात शिकवायला येणार कोण? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी मुदखेड पाहिलेलं नसावं. राखीव पोलीस दलाच्या प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवणारे लोक आहेत, जंक्शनवर रेल्वेचे कर्मचारी, दर गावाला आशाताई, १०८ वर डॉक्टर. यातल्या चौघांना नांदेडला दोन दिवस नीट शिकवलं तर वर्षभर तालुका फिरतील. सराव तीन-सहा महिन्यांत विसरायला होतो हेही अभ्यासांनी दाखवलंय. तेव्हा उजळणीसाठी मोबाइल आहेच, ते त्याचं हक्काचं काम. बाहुली महाग वाटत असेल तर सुरुवातीला घट्ट भरलेलं पोतं चालेल, त्यावर निदान कोपरं ताठ ठेवायची सवय लागते. खोलीचा अंदाज मात्र बाहुलीच देईल, आणि तालुक्याला अशा दोन-तीन पुरतात.

वेळेचं म्हणाल, तर लोकांना वर्गासाठी वेळ नसतो हे सांगणाऱ्यांनी फुलांचं वेळापत्रक बघावं. मोगऱ्याची पोती सकाळी गाडीत चढतात. ऊन तापलं की रान रिकामं होतं, बायका घरी परततात, आणि दुपारी दोन ते चार शाळेच्या व्हरांड्यात सावली असते.